बॅच वेगळी करा ना मॅडम!

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी येऊन मला हे ऐकवतंच. हुशार वेगळे बसवा, बाकीचे वेगळे बसवा. कधी सांगणारा स्वतः पुढे गेलेला असतो, त्याला वाटतं बाकीच्यांमुळे आपली गाडी अडलीये, कधी सांगणारा मागे राहिलेला असतो आणि त्याला चारचौघांत तोंड उघडायची लाज वाटत असते, आणि मागच्या आठवड्यात तर एका विद्यार्थिनीची आई आली आणि फारच गोड आवाजात म्हणाली की तुमच्या क्लासात जरा सगळ्याच प्रकारचे लोक आहेत ना. आता याला काय उत्तर देणार. आहेत खरे.

मी पोलिश शिकवते. हो, पोलंडची भाषा, आणि हो, नाशकात, कॅनडा कॉर्नरच्या बाजूला एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, संध्याकाळी. नवऱ्याच्या नोकरीपायी काही वर्षं तिकडे काढली, तिथे भाषा शिकले, परत आल्यावर एकाने विचारलं, मग दुसऱ्याने विचारलं, आणि आता हे असं चाललंय. पुण्या-मुंबईसारखं नाहीये इथे की ए-वनची, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची, सकाळची बॅच, ए-टूची, म्हणजे त्याच्या वरच्या पातळीची, दुपारची बॅच. इथे जेमतेम एक बॅच भरते. म्हणजे बॅच वेगळी न करण्याचं पहिलं कारण शुद्ध पोटापाण्याचं आहे, उगाच तत्त्वाचा आव आणत नाही. पण समजा उद्या तीस लोक आले तरी मी त्यांना हुशार आणि बाकीचे असं तोडणार नाही, आणि ते का हे एकदाचं लिहून टाकते म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

आधी कोण कोण आहे ते सांगते. एक आहे अंबडच्या एका कारखान्यातला टर्नर, आयटीआय झालेला, मराठी माध्यम, पोलंडला जायची फाइल एजंटकडे पडलीये. एक ट्रेलर चालवणारा दादा, सिन्नरचा, त्यालाही तिकडेच जायचंय कारण पोलंडच्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांचे ट्रक अख्ख्या युरोपभर फिरतात आणि त्यांना ड्रायव्हर कमी पडतात. एक मुलगी आहे कॉलेज रोडची, कॉन्व्हेंटमधली, जर्मन बी-वन, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, आधीच झालेलं, मास्टर्सला पोलंडमधल्या व्रोत्स्वाफला चाललीये. तिच्याच आईचा तो गोड आवाज. एक बिहारचा मुलगा, सातपूरला राहतो, हिंदी आणि कामापुरतं मराठी. द्राक्ष एक्सपोर्टच्या ऑफिसात काम करणारी एक ताई आहे, तिला हौस आहे एवढंच म्हणते. आणि एक रिटायर्ड काका, मूळचे कोल्हापूरकडचे, त्यांची सून पोलिश आहे आणि नातू आजोबांशी व्हिडिओ कॉलवर फक्त पोलिशमध्ये बोलतो.

आता यांना लेव्हलप्रमाणे लावा बघू रांगेत. कागदावर सोपं आहे, जर्मनवाली सगळ्यात वर, टर्नर आणि ड्रायव्हर खाली, काका कुठेतरी मध्ये. पहिल्या दिवशी हे सगळे स्वतःच असेच बसतात, इंग्रजी ज्याचं चांगलं तो पुढच्या बाकावर. आपल्याकडे भाषेचा क्लास म्हटला की इंग्रजीचाच क्लास डोक्यात असतो ना, आणि इंग्रजीच्या क्लासात कोण हुशार आणि कोण ढ हे पाचवीपासून ठरून गेलेलं असतं. पोलिशला हे काही माहीत नाही.

आवाजांपासूनच सुरू होतं. पोलिशमध्ये च सारखे तीन आवाज आहेत आणि ज सारखे तीन. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं या ठिकाणी पानंच्या पानं खर्च करतात, कॅट्समधला टीएस आठवा वगैरे. मी फळ्यावर दोन शब्द लिहिते, चमचा आणि चिमणी. म्हणा मोठ्याने. पुन्हा म्हणा. जीभ कुठे लागली? लिहिताना एकच अक्षर आणि बोलताना दोन वेगळे आवाज, आणि हे आपल्याला शाळेत कोणी शिकवलेलं नसतं, आपण दुधाबरोबर शिकलेलो असतो. पोलिशमधलं सी म्हणजे चमच्यातला च, झालं. किंमत म्हणजे त्सेना, काय म्हणजे त्सो, टर्नरने एका झटक्यात उचललं. तसंच जोर आणि जीभ. बिहारच्या मुलाला मात्र हे जड गेलं कारण हिंदीत चमचाही चिमणीवाल्या च नेच म्हणतात, तर टर्नरने त्याला मधल्या सुट्टीत चहाच्या टपरीवर चोर चोर म्हणायला लावून शिकवलं, टपरीवाला बघायला लागला. तिसरा आवाज जीभ मागे वळवून काढायचा असतो, तिथे सगळेच अडखळतात. काकांचा अपवाद. काका अजून षटकोनातला ष खराखुरा मूर्धन्य म्हणतात, त्यांना श आणि ष चा फरक तोंडात तयार आहे, आपल्या पिढीने तो कधीच सोडून दिला.

आणि कॉन्व्हेंटवाली? तिची वेगळीच पंचाईत. रोमन लिपी दिसली की तिचं डोकं आपोआप इंग्रजी वाचायला लागतं. ज्या शहरात मी राहिले ते शहर लिहितात एल-ओ-डी-झेड अशा अक्षरांनी, वर खाली थोड्या रेघा आणि टिंबं, आणि म्हणतात वूच. ती म्हणायची लॉड्झ. आडवी रेघ मारलेला एल म्हणजे व, डब्ल्यू सुद्धा व पण जरा दात टेकवून, शेवटी डब्ल्यू आला तर फ, त्यामुळे दुसरं एक शहर आहे ते क्राको नाही, क्राकुफ. नियम तिला सगळे पाठ होते, वहीत रंगीत पेनाने लिहिलेले होते, पण वाचायला लागली की लॉड्झ. ड्रायव्हर दादाला इंग्रजी स्पेलिंगची सवयच नाही त्यामुळे त्याला मोडायचंही काही नव्हतं, मी सांगितलं हे अक्षर व, तो म्हणाला बरं, व.

म्हणून पहिले काही आठवडे मी सगळ्यांना देवनागरीत लिहायला लावते. यावर लोक मला बोलतात, की लिपीची कुबडी दिली की पुढे सुटत नाही. मला नाही पटत. सुटते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात मी वह्या बंद करायला लावते आणि रोमन पट्टी समोर ठेवते, तोवर आवाज तोंडात बसलेला असतो. देवनागरीत सगळं मावत नाही हेही खरं, वाय या अक्षराचा आवाज इ आणि अ च्या मधे कुठेतरी घशाकडे आहे, तो लिहून दाखवता येत नाही, ऐकूनच घ्यावा लागतो. पण इंग्रजी स्पेलिंगच्या सावलीत शिकण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

पहिल्या दिवशी एक हशा फुकटात मिळतो. ताक म्हणजे हो, पान म्हणजे साहेब, पानि म्हणजे बाईसाहेब, आणि नो म्हणजे सुद्धा हो, आपल्या हं सारखं. शिक्षकाने या भांडवलावर एकच दिवस काढावा, रोज काढू नये. तसंच ते अग्नी आणि ओग्येन्य एकाच मुळाचे, विधवा आणि व्दोवा एकाच मुळाचे, हेही खरं आहे आणि पालकांना फार आवडतं, पण त्याने दुकानात ब्रेड मागता येत नाही.

व्याकरणावर येते, कारण खरा गोंधळ तिथे आहे आणि मजाही तिथेच. पोलिशमध्ये सात विभक्ती आहेत. हा आकडा ऐकून जगभरातले शिकणारे पळून जातात. आमच्याकडे काका म्हणाले, सातच? आपल्या आठ होत्या. आणि त्यांनी बसल्या जागी सुरू केलं, स ला ते, स ला ना ते, ने ए शी, नी ही ई शी, आणि मागून टर्नर आणि ड्रायव्हर दोघेही त्यांच्या सुरात सूर मिसळून ऊन हून आणि चा ची चे पर्यंत पोचले. पुढचा बाक गप्प. मराठी माध्यमाच्या शाळेत मारून मुटकून पाठ करून घेतलेली ती गोष्ट इतक्या वर्षांनी त्यांना प्रथमच कुठेतरी उपयोगी पडत होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

मी नुसतं पाठांतराचं कौतुक करत नाहीये हं. विभक्ती पाठ असली म्हणून पोलिश येत नाही. खरी मदत होते ती सामान्यरूपाची. बाहेरून आलेला माणूस म्हणतो मी धुळेला जातो, आणि आपण लगेच ओळखतो की हा इथला नाही. धुळ्याला. पुण्यात. नाशिकचं नाशकात. गावाचं नाव सुद्धा वाकतं हे आपल्याला विचित्र वाटतच नाही. इंग्रजीतून येणाऱ्याला हेच पटवायला जीव जातो, की वार्शावा हे नाव असलं तरी वॉर्सात म्हणताना ‘व वार्शाव्ये’ होतं (इथला व म्हणजे आपला त, आत, कधी तो फ ऐकू येतो) आणि वॉर्साला जाताना दो वार्शावि. क्राकुफ, फ क्राकोव्ये, दो क्राकोवा. मी फळ्याच्या एका बाजूला धुळे, धुळ्यात, धुळ्याला लिहिलं आणि दुसऱ्या बाजूला वार्शावाची तीन रूपं, आणि काही बोलले नाही. ड्रायव्हर दादा बघत बसला आणि म्हणाला, म्हणजे आपण व नाशिकु राहतो का? मी त्याला तोवर नाशिकचं रूप सांगितलेलंच नव्हतं. क ने संपणाऱ्या पुल्लिंगी नावाला तिथे उ लागतो हे त्याने आदल्या दिवशीच्या दुसऱ्या शब्दावरून काढलं होतं. याला ढ म्हणायचं?

त्याच दादाची पुढची गंमत. पोलिशमध्ये लिंगं तीन, आपल्यासारखीच, आणि आपल्यापेक्षा सोपी, कारण शब्दाच्या शेवटावरून बहुतेक वेळा कळतं. आ ने संपलं की स्त्रीलिंगी, व्यंजनाने संपलं की पुल्लिंगी, ओ किंवा ए ने संपलं की नपुंसकलिंगी. मराठीत दगड तो का, भिंत ती का आणि घर ते का हे देवालाच माहीत. तर हा नियम मी मोठ्या ऐटीत सांगितला आणि पुढच्याच मिनिटाला दादाने विचारलं, मॅडम माझ्या धंद्याला काय म्हणतात. क्येरोफ्त्सा. आ ने संपतो आणि पुल्लिंगी आहे. वर्गात पहिला अपवाद तोच निघाला. त्याला भारी वाटलं.

आणि मी अमुक आहे असं सांगायला तृतीया लागते. येस्तेम म्हणजे मी आहे, पण पुढे धंद्याचं नाव तसंच्या तसं ठेवत नाहीत, त्याला तृतीयेसारखं रूप द्यायचं. टर्नर म्हणजे तोकाश, पण येस्तेम तोकाझेम. ड्रायव्हर येस्तेम क्येरोफ्त्सों. विद्यार्थिनी येस्तेम स्तुदेन्त्कों. रिटायर्ड पुरुष येस्तेम एमेरितेम. टर्नर म्हणाला, म्हणजे मी टर्नरने आहे? हो, तू टर्नरने आहेस. मग तो आठवडाभर कोणी भेटलं की मी टर्नरने आहे. हसण्यावारी गेलं खरं पण त्याच्या तोंडात ते रूप असं बसलं की हलायचं नाव नाही. जर्मनवालीला हे पचायला वेळ लागला कारण जर्मनमध्ये असण्याच्या क्रियापदापुढे प्रथमाच येते आणि जर्मनमध्ये विभक्तीच चार, तिचा पाचवा खण रिकामाच होता. उलट कर्मणि द्वितीया म्हणजे काय हे तिला एका वाक्यात कळलं आणि बाकीच्यांना मला दोन संध्याकाळी समजवावं लागलं. ज्याचं त्याचं जिथे अडतं ते वेगळं असतं, एवढंच मी त्या आईंना सांगू पाहत होते.

तिथे एक सुंदर गोष्ट आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण म्हणतो मी टेबल बघितलं पण मी कुत्र्याला बघितलं. जिवंत असेल तर ला लावायचा. पोलिश पुल्लिंगी शब्दांत अगदी हेच करतं, टेबल तसंच राहतं, विद्झे स्तुव, पण कुत्रा बदलतो, प्येस चा प्सा होतो. हे मराठीतून सांगितलं की पाच मिनिटांत संपतं. मग मी त्यांना सांगते की पोलिश माणूस टोमॅटो खातो तेव्हा टोमॅटोलाही जिवंत धरतो, येम पोमिदोरा म्हणतो, केळ्याचंही तसंच. एक्सपोर्टवाली ताई, जी एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणाली पिंपळगावला भाव पडल्यावर शेतकऱ्याइतकाच टोमॅटोही रडत असेल, जिवंतच आहे तो. वर्षाच्या सुरुवातीपासून तिचं हे वर्गात मोठ्याने बोललेलं पहिलं लांब वाक्य होतं. मराठीत होतं, पण होतं.

आता मुद्द्याचं, की अशा वर्गाला रोज करायला काय द्यायचं. माझं साधं आहे, कागद सगळ्यांना एकच, काम वेगळं. तीन वेगळे कागद काढले की वर्ग तिथेच तुटतो, आणि खालचा कागद कोणाचा हे सगळ्यांना लगेच कळतं, मोठ्या माणसांना तर जास्तच कळतं. मी एक भाजीबाजाराची किमतीची यादी केली होती, ब्रेड, दूध, सफरचंद, टोमॅटो, बटाटा, समोर झ्वोति या पोलंडच्या चलनात भाव. नव्यांनी फक्त विचारायचं इले कोश्तुये, केवढ्याला, आणि आकडा ऐकून लिहायचा. त्यांच्या वरच्यांनी वस्तू मागायची, म्हणजे रूप बदलायचं. त्यांच्या वरच्यांनी खराब निघाला म्हणून परत करायला यायचं. आणि सगळ्यात पुढच्यांनी शेजाऱ्याने काय काय घेतलं हे भूतकाळात सांगायचं, म्हणजे तिथे बाई होती की पुरुष यावरून क्रियापद बदलणार, जसं आपलं गेलो आणि गेले. सगळे एकाच बाजारात, एकमेकांशी बोलतायत, फक्त प्रत्येकाच्या डोक्यावरचं ओझं वेगळं.

पण यातला सगळ्यात चांगला भाग माझ्या डोक्यातून आलाच नाही. पोलिशमध्ये आकड्याप्रमाणे शब्दाचं रूप बदलतं. एक झ्वोति, दोन तीन चार असतील तर झ्वोते, आणि पाचपासून पुढे झ्वोतिख. एकवीसपर्यंत झ्वोतिख. मग बावीस तेवीस चोवीसला पुन्हा झ्वोते. पंचवीसला परत झ्वोतिख. बारा तेरा चौदा मात्र झ्वोतिखच. हा नियम जर्मनवालीने तक्ता करून पाठ केला होता, विचारलं की धडाधडा सांगायची. मी टर्नरला दुकानदार केलं आणि बिहारच्या मुलाला गिऱ्हाईक. पोलंडच्या दुकानात कोणी घासाघीस करत नाही, हे मी त्यांना सांगितलेलं, पण सातपूरच्या बाजारात वाढलेल्या माणसाला भाव सांगितला आणि तो गप्प राहिला असं होत नाही. टर्नर म्हणाला प्येंच झ्वोतिख. बिहारी लगेच, च्तेरि झ्वोते. टर्नर, नाही, प्येंच झ्वोतिख. तो, च्तेरि झ्वोते, भैया. आणि मला एकदम दिसलं की पाच आणि चारच्या मधली जी सीमा आहे, जिथे रूप बदलतं, तिथेच हे दोघं उभं राहून भांडतायत, आणि दोघांचंही रूप दर वेळी बरोबर येतंय.

मी लगेच किमती बदलून टाकल्या. सगळे भाव सीमेवर. पंचवीसचा माल चोवीसला मागायचा, बावीसचा एकवीसला, म्हणजे खाली येताना झ्वोतिख चं झ्वोते आणि मग पुन्हा झ्वोतिख. आणि घासाघीस म्हणजे वेग आलाच, तक्ता डोक्यात उघडून बघायला वेळ नाही. जर्मनवाली दोनदा अडखळली. तिला राग आला स्वतःचाच, येणारच, आयुष्यभर पहिल्या नंबरात आलेली पोर. पण ती हट्टी आहे, तिने टर्नरलाच धरलं आणि अर्धा तास बटाट्यावरून त्याच्याशी भांडत बसली. सुटताना तिचंही तोंड वळायला लागलं होतं. आणि टर्नरला तिने तो तक्ता दिला, कारण त्याला बारा ते चौदाचं लफडं तोंडाने जमत नव्हतं, ते कागदावर बघितल्यावर जमलं.

इथे एक गोष्ट ठासून सांगते कारण बरेच शिक्षक हे करतात. पुढे गेलेल्या विद्यार्थ्याला फुकटचा असिस्टंट करायचं नाही. तुझं झालं ना, मग याला शिकव. त्या मुलीने फी भरलीये स्वतः शिकायला. त्या दिवशी ती आणि टर्नर एकत्र बसले कारण दोघांनाही एकमेकांकडून काहीतरी हवं होतं. तसं असेल तर जोडी लावावी, नाहीतर पुढच्याला पुढचं काम द्यावं आणि मागच्याकडे आपण जाऊन बसावं. आपण. दमलो असलो तरी.

दमण्यावरून आठवलं. मिक्स लेव्हल मिक्स लेव्हल म्हणून सगळे जे बोलतात त्यातली निम्मी गोष्ट शिफ्टची असते. टर्नरला एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड. सेकंड शिफ्ट असली की तो क्लासला येऊच शकत नाही. म्हणजे तो दर महिन्याला निम्मा क्लास बुडवतो आणि तरी टिकून आहे. ड्रायव्हर दादा मधेच चार दिवस गायब, मग इंदूरजवळच्या कुठल्यातरी ढाब्यावरून व्हॉट्सअॅपवर त्याचा व्हॉइस मेसेज येतो, मागे हॉर्न वाजतायत आणि हा होमवर्कची वाक्यं म्हणतोय. लोक याला स्लो लर्नर म्हणतात. त्याला मी प्रत्येक तासाचं पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवते, ते तो गाडीत लावून ठेवतो, आणि कधी कधी असं होतं की बाकीच्यांनी एकदा ऐकलेलं त्याने वीस वेळा ऐकलेलं असतं. प्रत्येक तास मी असा बांधते की मागचा तास चुकला तरी पहिल्या दहा मिनिटांत माणूस आत शिरू शकेल. मागचंच परत, पण नव्या शब्दांवर. जे आले होते त्यांची उजळणी होते, जे नव्हते त्यांचा तास वाचतो, आणि कोणालाच मी त्याच्यासाठी थांबलेय असं वाटत नाही.

एजंट लोकांबद्दल फार लिहीत नाही. एवढंच की पंधरा दिवसांत पोलिश शिकवून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. पोलंड सरकारची अधिकृत परीक्षा २००४ पासून होते, आता ए-वन पासून सी-टू पर्यंत सगळ्या पातळ्यांची, आणि नागरिकत्वासाठी अर्ज करायचा तर निदान बी-वन तरी दाखवावी लागते. परीक्षेत ऐकणं, वाचणं, व्याकरण, लिहिणं आणि बोलणं असे वेगवेगळे भाग असतात. हे वाचून तुम्हाला काय दिसतं? मला दिसतं की परीक्षा घेणाऱ्यांनाही माहितीये की भाषेची लेव्हल हा एक आकडा नसतो. टर्नर आज परीक्षेला बसला तर बोलण्यात तरून जाईल आणि लिहिण्यात अडकेल. जर्मनवालीचं उलट. काकांना ऐकणं जड जातं, अर्धं कानामुळे आणि अर्धं नातू फार भरभर बोलतो म्हणून. यांच्यातला हुशार कोण आणि बाकीचा कोण, आता तुम्हीच सांगा.

काकांचं सांगायचं राहिलंच. वर्गात ते कशासाठी येतात ते सांगितलं, पण त्यांच्याकडे अजून एक धागा आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने हजारो पोलिश कुटुंबं सायबेरियाकडे हाकलून दिली होती, पुढे सुटका झाल्यावर त्यातले बरेच जण इराणमार्गे हिंदुस्थानात आले, काही मुलं जामनगरजवळ बालाचडीला आणि पाचेक हजार माणसं कोल्हापूरजवळ वळिवड्याला. १९४३ ते १९४८ असं ते गाव तिथे उभं होतं, त्यांच्या स्वतःच्या शाळा, चर्च, दुकानं. काकांची आई त्यांना लहानपणी त्या पोलिश बायकांच्या गोष्टी सांगायची, मोडकं मराठी बोलून बाजारहाट करायच्या म्हणे. काकांनी हे वर्गात सांगितलं तेव्हा बिहारचा मुलगा सगळ्यात जास्त लक्ष देऊन ऐकत होता. मग तो म्हणाला, मतलब वो भी मेरे जैसेच. मोडकं मराठी बोलून भाजी घेणाऱ्या. नंतर त्या तासाला कोणी कोणाच्या उच्चारावर हसलं नाही, आणि मला काही बोलावं लागलं नाही.

या मुलाची खरी अडचण नपुंसकलिंगाची आहे. हिंदीत ते नाही, मराठी तो इथे आल्यावर शिकला आणि मराठीत अजूनही ते घर मोठा आहे म्हणतो. तर आता मी त्याला उलटं करायला सांगितलंय, पोलिशमधला ओ आणि ए चा नियम आधी पक्का कर, आणि मग मराठीत बघ. त्याला हे फार पटलंय. त्याचा सुपरवायझर म्हणे त्याला विचारत होता की पोलिश शिकायला जातोस आणि तुझं मराठी कसं काय सुधारलं.

तर बॅच वेगळी होणार नाही. जे परीक्षेला बसणार आहेत त्यांच्यासाठी शनिवारी वेगळा एक तास ठेवलाय, फक्त लिहिण्याचा आणि पेपर सोडवण्याचा, त्यात कोणीही येऊ शकतं, त्या गोड आवाजाच्या आईंनाही सांगितलंय की तुम्हीही या बसायला, फी घेणार नाही. पुढच्या आठवड्यापासून ओनि आणि ओने, म्हणजे अनेकवचनातले ‘ते’ चे दोन प्रकार, घेणार आहे. पोलिशमध्ये अनेकवचनात एका बाजूला पुरुष माणसं आणि दुसऱ्या बाजूला बाकी सगळं जग, म्हणजे बायका, मुलं, कुत्री, टेबलं, सगळी एका खणात, आणि शंभर बायकांत एक पुरुष आला की अख्खा घोळका पुरुषांच्या खणात जातो. एक्सपोर्टवाल्या ताईला मी हे आत्ताच सांगून ठेवलंय आणि तिने हाताची घडी घातलीये, त्यामुळे तो तास वेळेवर संपेल असं काही मला वाटत नाही. आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते खोदून ठेवलेत, तेव्हा अंबड-सातपूरकडून येणाऱ्यांसाठी क्लास आता सातऐवजी साडेसातला.